रंग न धरणारे केस

लॉकडाऊनच्या वर्षी मी केस रंगवणं सोडून दिलं. मुलुंडमधल्या एका बँकेत माझी नोकरी होती. तोंडावर मास्क, मध्ये काच, पलीकडे घाईत असलेलं गिऱ्हाईक. केस बघतंय कोण, असं वाटलं. भांगातली पांढरी पट्टी रुंद होत गेली आणि शाखा पूर्ववत सुरू झाली तोवर माझं पुढचं सगळं डोकं पांढरं होतं. सहकारी म्हणाले, "मॅडम, छान दिसतं हो तुम्हाला." मलाही ते पटलं. पन्नाशी उलटून गेली होती, लग्न केलेलं नव्हतं, कुणाला काही दाखवायचं नव्हतं.

मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि आई अशा दोघीच राहायचो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ कॅनडात. आई ऐंशीच्या पुढची, पण अंगानं ठणठणीत, रोज खाली उतरून भाजी आणणारी. त्या वर्षात तिचं विसरणं सुरू झालं. आधी आमटीत दोनदा मीठ. मग गॅस तसाच चालू. मग एकदा भाजी आणायला म्हणून गेली ती आमच्याच सोसायटीच्या गेटपाशी उभी राहिली, कुठल्या जिन्यानं वर जायचं ते तिला आठवेना. वॉचमननं आणून सोडलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, स्मृतिभ्रंश आहे म्हणाले, आणि हळूहळू वाढत जाईल असंही सांगितलं. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. दुपारी काही तास एक मावशी यायच्या. बाकी वेळ मी.

एका सकाळी मी चहा टाकत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. गाऊनवरची ओढणी तिनं डोक्यावरून पुढे ओढून घेतली होती.

"आत्याबाई, दूध तापवू का?" तिनं विचारलं.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत. म्हणजे माझ्या वडिलांची आई. ती मी चौथीत असताना वारली.

मला हसू आलं. "अगं आई, मी आहे."

"हो," ती म्हणाली. पण ते 'हो' मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही म्हणून म्हणतात तसं होतं. ती तिथंच उभी राहिली, माझ्याकडे न बघता, ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत.

नंतर हे रोजचंच झालं. मी सोफ्यावर बसले की ती उठून उभी राहायची. मी जेवल्याशिवाय ताटाला हात लावायची नाही. चादर बदलताना तिच्या उशीखाली बिस्किटं सापडली, रुमालात नीट गुंडाळलेली. मी विचारलं, "ही कशाला गं ठेवलीस?" तर तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती म्हणाली, "आता नाही घेणार, आत्याबाई."

त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

माझ्या आठवणीतली आजी वेगळीच होती. ती मला मांडीवर घ्यायची, कमरेच्या पिशवीतून पेपरमिंटच्या गोळ्या काढून द्यायची. तिचे पांढरे केस जाड आणि राठ होते, ते विंचरायला मला आवडायचं. आईनं तिच्याबद्दल वावगा शब्द कधी काढला नव्हता. कोकणातून लग्न करून मुंबईत आलेली मुलगी, दोन खोल्या, त्यात सासू. काय काय झालं असेल ते तिनं पन्नास-साठ वर्षं स्वतःजवळ ठेवलं होतं आणि आता ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. त्यात सासू मी होते.

हे केसांमुळे होतंय हे मला फार उशिरा कळलं. एकदा न्हाणं झाल्यावर डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आले. आई खिडकीशी बसली होती. मला बघून तिचा चेहरा एकदम उजळला.

"आलीस? आज बँक लवकर सुटली वाटतं!"

कितीतरी दिवसांनी तिनं मला अगं-तुगं केलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. काय बोललो ते आठवत नाही, भाजीचंच काहीतरी. तिनं माझ्या हातावर हात ठेवला होता. मग टॉवेल सैल होऊन खांद्यावर पडला. ओले पांढरे केस कपाळावर आले. आईनं हात काढून घेतला आणि ओढणी शोधायला लागली.

त्याच संध्याकाळी मी मेडिकलमधून रंगाचं पाकीट आणलं.

इतकी वर्षं रंगवत होते, त्यामुळे मला वाटलं होतं त्यात काय विशेष. पण पूर्वी पांढरे केस थोडे होते. आता पुढचे सगळेच होते, आणि ते आजीसारखेच निघाले होते, जाड, राठ, तारेसारखे उभे. कातडीला डाग पडू नये म्हणून कपाळाच्या कडेनं तेल लावलं, वरून रंग लावला, अर्धा तास थांबून धुतला. मागचे केस काळेभोर झाले. कानशिलांवरचे आणि कपाळावरचे पांढरेच्या पांढरे. उलट मागे काळा रंग असल्यामुळे ते जास्तच उठून दिसायला लागले.

आईनं बरोबर तिथंच बघितलं. माणूस समोर आलं की आपण पहिल्यांदा बघतो ती जागा नेमकी तीच. तिनं मान खाली घातली.

आठवड्यानं पुन्हा लावला. या वेळी तासभर ठेवला. कपाळ काळं झालं, कान काळे झाले, केस मात्र तांबूस, गंजलेल्या खिळ्यासारखे. तेही चार-पाच वेळा धुतल्यावर उतरले. मग मी मावशींना आईजवळ बसवून स्टेशनजवळच्या एका पार्लरमध्ये गेले. पार्लर म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या, आणि चाळिशीची एक गोलमटोल बाई. तिनं माझी एक बट दोन बोटांत धरून चोळून बघितली.

"ताई, हा काच आहे काच," ती म्हणाली. "वरचं कवच एकदम टाईट. कलर आत घुसतच नाही, बाहेरूनच परत जातो. तेल लावलं होतं ना?"

"कडेनं फक्त."

"झालं मग! जिथं चढवायचा तिथंच तुम्ही त्याला अडवला. डाग पडू नये म्हणून केस सोडून नुसत्या कातडीला क्रीम लावायचं. आणि सुरुवात कुठून केली?"

"मागून."

"सगळे मागूनच करतात. पुढे पोचेपर्यंत कंटाळा येतो, मग पुढच्याला कमी वेळ मिळतो. जो ऐकत नाही त्याला पहिला घ्यायचा."

मला बोलायची सवय राहिली नव्हती, आणि ती बाई एकसारखी बोलत होती. मला बरं वाटत होतं. तिनं आधी पुढच्या केसांना नुसता डेव्हलपर लावला, म्हणजे रंगात जे पांढरं दूध मिसळतात ते. त्यानं ते कवच थोडं सैल पडतं म्हणाली. थोड्या वेळानं तो पुसून काढला. मग रंग. मी आणलेली चॉकलेटी छटा तिनं नाकारली. "नुसती फॅशनची शेड पांढऱ्यावर बसत नाही. तिला खाली आधार लागतो. अर्धी साधी नॅचरल मिक्स करते." बारीक बारीक भांग पाडून तिनं ब्रशनं तो जाड थरानं लावला, मग वर प्लॅस्टिकची टोपी घातली. मी मध्येच विचारलं, "धुवायचं का आता?" तर म्हणाली, "पूर्ण वेळ दिल्याशिवाय मी उठू देणार नाही. घाई केली की वाट लागली समजा."

टोपी घालून बसलेली असताना तिनं विचारलं, "लग्न आहे का घरात?"

"नाही."

"मग एवढं अर्जंट?"

मी सांगितलं. आई मला ओळखत नाही म्हणून. ती बेसिनकडे वळली. मग ब्रश धुता धुता म्हणाली, "कानाजवळ परत एक हात मारते, थांबा."

केस धुऊन वाळवल्यावर मी आरशात बघितलं. एकही पांढरा केस दिसत नव्हता. दहा वर्षांपूर्वीची मी, जरा थकलेली.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. मावशींनी दार उघडलं. आई हॉलमध्ये बसलेली. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, आधी कपाळाकडे, मग डोळ्यांकडे.

"किती उशीर केलास!" ती म्हणाली. "मला वाटलं, आज पण बँकेत हिशेब लागत नाहीये की काय."

"लागला गं," मी म्हणाले.

मावशी गेल्यावर तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "गेली का ती?"

"कोण?"

"अगं, तुझी आजी. सकाळपासून घरात होती. माझ्या मागे मागे." मग थोडा विचार करून म्हणाली, "पण बदललीय हं ती. आज सकाळी मला स्वतःच्या हातानं उपमा भरवला तिनं. माझे पाय चेपून दिले. कधी केलं नव्हतं तसं."

सकाळी मीच उपमा भरवला होता. पायही मीच चेपले होते.

"बरं झालं ना मग," मी म्हणाले.

"हो. पण भीती वाटते अजून."

त्यानंतरचे काही महिने आमचे चांगले गेले. आई मला रोज सकाळी विचारायची, "डबा घेतलास का?" मी घेतला म्हणायचे. निवृत्ती घेतलीय हे तिला सांगून उपयोग नव्हता, त्यामुळे मी घरातल्या घरात बँकेत जायचे. आतल्या खोलीत जाऊन दाराच्या फटीतून तिच्यावर नजर ठेवून बसायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, आणि संध्याकाळी बाहेर यायचे. "आलीस?" ती म्हणायची. त्या एका शब्दासाठी मी दिवसभर त्या खोलीत बसायला तयार होते. पण तिथं बसलेली असताना घरात मी आहे हे आईला माहीत नसायचं, हेही खरं. भाऊ व्हिडिओ कॉल करायचा. "आई छान दिसतेय की! आणि तू काय, एकदम यंग!" मी त्याला केसांचं सांगितलं तर तो हसला. "डाय हा काय इलाज आहे का?" मी विषय बदलला. तिथं त्याची सकाळ होती आणि त्याला कामावर जायचं होतं.

पांढरे केस मुळाशी उगवायला फार दिवस लागत नाहीत, आणि पुढचे आधी उगवतात. दर दोन-तीन आठवड्यांनी मी पार्लरमध्ये जायचे. मधल्या दिवसांत आरशासमोर उभं राहून भांग बघत राहायचे. जरा पांढरं दिसलं की आईच्या वागण्यात फरक पडायचा, मला बघून ती अर्धवट उठायची आणि परत बसायची.

मग माझ्या कानामागे पुरळ उठलं. खाज इतकी की झोप लागेना. त्वचेच्या डॉक्टरांनी रंग काही काळ पूर्ण बंद करायला सांगितला. मी म्हटलं, जमणार नाही. ते म्हणाले, मग सूज डोळ्यांपर्यंत येईल, चालेल? मी डोक्याला स्कार्फ बांधून वावरायला लागले. मे महिना होता. स्कार्फखाली घामानं पुरळ आणखी चिघळलं आणि एका दुपारी मी तो सोडून टाकला.

आई आतून आली. माझ्याकडे बघून थबकली. मग माझ्या पायांशी फरशीवर बसायला लागली. मी तिला धरून खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीच्या अगदी कडेला टेकली.

"आत्याबाई, एक विचारू?"

मी दमले होते. मी आहे गं, आई, असं म्हणायचं अंगात त्राण नव्हतं.

"विचार," मी म्हणाले.

"माझ्या आईला बरं नाहीये. दादाचा निरोप आलाय. चार दिवस देवगडला जाऊन येऊ का?"

तिचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले होते.

"जा," मी म्हणाले.

तिनं मान वर केली. "इथलं कोण बघेल?"

"मी बघीन. तू जा. हवे तेवढे दिवस राहा."

"गणपतीच्या आधी येते परत."

"नाही जमलं तरी चालेल. आई बरी होईस्तोवर राहा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि वाकून माझ्या पाया पडायला लागली. मी पाय मागे घेतले, तिचे खांदे धरले, तिला वर उठवलं. इतकी हलकी झाली होती ती. ती रडत होती, आणि हसतही होती. मग लगबगीनं आत गेली. कपाटातून दोन साड्या काढल्या, फणी घेतली, भाऊ मागे आला तेव्हा इथंच विसरलेली त्याच्या मुलाची लोकरीची टोपी घेतली, सगळं एका कापडी पिशवीत भरलं आणि दाराशी जाऊन बसली. चहाच्या वेळेपर्यंत बसली होती. चहा दिला तेव्हा कुठं निघाली होती ते तिला आठवत नव्हतं. मी पिशवी रिकामी केली.

देवगडची आजी मी पाहिलेली नाही. माझ्या जन्माआधी गेली, एवढंच ऐकून होते. आईला तेव्हा पाठवलं होतं की नाही, तिची भेट झाली की नाही, मला माहीत नाही. मामा नाही, मावशा नाहीत, विचारायला कुणी उरलेलं नाही. आईला विचारलं असतं तर तिनं मला कोण समजून उत्तर दिलं असतं कोण जाणे.

त्या दिवसानंतर मात्र तिची भीती गेली. आत्याबाईंच्या शेजारी ती बसायला लागली. माझ्याबरोबर जेवायला लागली. एकदा माझ्या ताटातली पापडाची कड मोडून तिनं खाल्ली आणि खट्याळपणे माझ्याकडे बघितलं.

पावसाळ्यात पुरळ बरं झालं. मला माझी मुलगीपणाची जागा परत हवी होती. इतकं सगळं करायचं आणि ते आजीच्या नावावर जमा व्हायचं, हे मला आत कुठेतरी सलत होतं. मी पार्लरमध्ये गेले. त्या बाईनं आधी कानामागे थोडा वेगळा, सौम्य रंग लावून दोन दिवस वाट बघायला लावली, मगच पूर्ण केला. अप्रतिम बसला. कानशिलांवर, कपाळावर, कुठेही फट नाही. "झकास!" ती स्वतःच म्हणाली.

घरी आले. दार मावशींनी उघडलं. आई सोफ्यावर होती.

"कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

मी चपला काढता काढता थांबले. "आई, मी आले."

"आत्याबाई बाहेर गेल्यात," ती अदबीनं म्हणाली. "येतील इतक्यात. बसा ना."

मी बसले. मावशींनी पाणी आणून दिलं आणि त्या घरी गेल्या. आई दाराकडे बघत होती. लिफ्टचा आवाज आला की सावरून बसायची. आवाज वर निघून गेला की पुन्हा सैल व्हायची. मी तिच्याशी बोलून बघितलं, बँकेचं नाव काढलं, डब्याचं काढलं. ती परक्या माणसाकडे बघून हसतात तशी हसली. "उशीर झाला त्यांना आज," ती म्हणाली. बाहेर अंधार पडत होता, दिवा लावायचा होता, आणि मी माझ्याच घरात पाहुणीसारखी बसून माझीच वाट बघत होते.

पुन्हा रंग लावला नाही. पांढरं हळूहळू वर येत राहिलं आणि मी रोज सकाळी आईसमोर जाऊन बसायचे, ओळखते का बघायला. पण तोवर ती त्याच्याही पलीकडे गेली होती. आत्याबाई नाही, मुलगी नाही, कुणीच नाही. जो घास भरवेल त्याच्या हातून खायची. कधी माझं बोट धरून ठेवायची, पण खाटेची कडही ती तशीच धरायची.

थंडीत ती गेली, दुपारी, झोपेत. भाऊ आला, दिवसवार केले, परत गेला. जाताना म्हणाला, "तू आता स्वतःकडे बघ जरा." मावशींना दुसरीकडे काम मिळालं.

केसांची टोकं बरेच महिने काळी होती. पार्लरवालीनं ती कापून टाकली. "मारू का कलर? आता तर तुमचा केस मला पाठ आहे," ती म्हणाली. मी नको म्हटलं. तिनं आईबद्दल विचारलं नाही, तिच्या लक्षात आलं असावं. नुसतं डोकं धुऊन दिलं, सावकाश, कोमट पाण्यानं. मी डोळे मिटून पडून राहिले. ती झालं म्हणाली तरी मी लगेच उठले नाही.

आता घरात मला कुणी दुसरं कुणी समजत नाही. मी जेवते, टीव्ही बघते, दुपारी पडते. गेल्या महिन्यात शेजारच्या फ्लॅटमध्ये नवीन भाडेकरू आले. त्यांची बायको पाण्याची वेळ विचारायला आली होती.

"घरात कोण कोण असतं?" तिनं विचारलं.

"मी एकटीच."

"अरे बापरे! बोअर नाही होत? या ना कधी आमच्याकडे चहाला."

येईन म्हटलं. अजून गेलेले नाही.